स्वयंपाकघरातली ती

बुसुंजू
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

नालुयिमाच्या आईस,

तुझं पत्र काल बसच्या ड्रायव्हरनं दुकानात आणून दिलं. पत्र आपलं म्हणायचं. चार ओळी होत्या. तीन ओळी मुलांविषयी आणि एक क्यान्जोविषयी. तुझ्या या भावाला सांग, निरोप पोचला. नऊ मार्चला, शनिवारी, दोन्ही घरची मोठी माणसं मसाकाला त्याच्या घरी बसणार, आणि तू या घरी परत यायचं की आपलं लग्न संपलं असं समजायचं, ते त्या दिवशी ठरणार. मी वेळेवर येईन. लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं उशिरा जाऊ नये.

तू विचारलंस, "मुलं काय खातात आणि त्यांना कोण करून घालतं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो, कारण तुला वाटत असेल की तू गेल्यापासून सहा महिने ती चहा-पावावर आहेत.

पहाटे साडेचारला चूल पेटते. हिरव्या केळ्यांचा घड आदल्या दिवशी उतरवलेला असतो, तोही फळाच्या कडा बोथट झाल्यावरच. तू कधीकधी चार-पाच दिवस आधीच उतरवायचीस. मी बोलत नसे, पण माझ्या लक्षात यायचं. केळी सोलून लगेच पाण्यात टाकायची. केळीची पानं निखाऱ्यांवरून एकदाच फिरवायची. दोनदा फिरवली की तडकतात. पातेल्याच्या तळाशी पानांचे दांडे आडवे-उभे घालायचे, म्हणजे केळ्यांचं पानांत बांधलेलं गाठोडं पाण्याला टेकत नाही. दोन तास वाफ. मग गाठोडं गरम असतानाच बाहेर काढून पानांवरून दाबायचं, आणि परत तासभर मंद वाफेवर. त्याच वाफेत वरच्या अंगाला, आधी ढवळून शिजवलेलं शेंगदाण्याचं कालवण पानात बांधून ठेवलेलं असतं. बाजूला माठाची भाजी, नाहीतर भोपळा, नाहीतर कडू वांगी. रात्रीला घेवड्याचे दाणे आणि रताळी. सालिचे गाल भरलेत. चार वर्षांच्या मुलाच्या मानानं तो आता मोठ्या माणसासारखा जेवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सोय झालेली आहे.

तुझ्या आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं. एका डोळ्यानं आधीच दिसत नव्हतं, दुसऱ्यावर आता पट्टी आहे. चार-पाच आठवडे धूर नको, वाकणं नको, बसचे धक्के नकोत, असं डॉक्टर म्हणाले. इस्पितळापासून आपलं घर एक मैल, त्यांचं चाळीस. सासूनं जावयाच्या घरी मुक्काम करायचा नसतो हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून घर त्यांना दिलं आहे आणि मी मैलभरावर नाक्याच्या दुकानात झोपतो. समोर जात नाही. बोलायचं तर खिडकीखाली उभा राहून, भिंतीकडे पाठ करून.

जावई-सासूनं एकमेकांचं तोंड पाहिलं, स्पर्श झाला, एकाच्या हातचं दुसऱ्याच्या पोटात गेलं, की दोघांच्या हातांना कंप सुटतो, असं आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मी शाळा न पाहता, रेडिओ उघडून उघडून शिकलेला माणूस आहे. उघडून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. पण केसाएवढ्या स्प्रिंगवर माझं पोट चालतं. स्वतःचे हात पणाला लावून हे तपासण्याची हौस मला नाही.

तू येऊ शकली असतीस. का आली नाहीस ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.

झिवा


सोमवार, १२ फेब्रुवारी

नालुयिमाच्या आईस,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण तुझ्या आई काल जे म्हणाल्या ते कुणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि या नाक्यावर ते सांगण्याजोगा माणूस नाही.

मी दुपारी त्यांची विचारपूस करायला खिडकीखाली गेलो.

"जावईबापू, तुम्ही आहात का तिथे?"

"आहे, आई."

"भिंतीला पाठ?"

"पाठच आहे."

"मग ऐका. आजचं कालवण मी दोनदा मागून घेतलं. दाणे भाजलेले नव्हते, कच्चेच कुटलेत. बरोबर?"

"बरोबर."

"तेलाचा थेंब घातलेला नाही, तरी वर तेल सुटलं होतं. म्हणजे ढवळणारी शेवटपर्यंत चुलीपासून हलली नाही. माझी लेक हलायची. कुंपणापलीकडून कुणी हाक मारली की हिचं कालवण खाली लागलंच."

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. गेल्या महिन्यात सात वेळा कालवण खाली लागलं होतं. आठव्यांदा कळलं की दाण्याचं कूट थंड पाण्यातच कालवावं लागतं, गरम पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात. हे मला कुणी सांगितलेलं नाही.

वाचून झालं की तू म्हणशील, 'मला' कशाला कुणी सांगायचं? लिहिता लिहिता लिहिलं गेलं. खोडत नाही, खोडलेलं पत्र मला आवडत नाही.

दुकानात एक नवीनच ताप. टॅक्सीवाला कासुले त्याचं घड्याळ घ्यायला आला, माझ्या बोटांकडे बघत राहिला. बोटं काळी पडली आहेत. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय मास्तर, हल्ली रेडिओला पण केळीचा चीक येतो वाटतं?" सगळे हसले. मी म्हटलं, सोल्डरचा डाग आहे. तो म्हणाला, "मग माझ्या बायकोला पण सोल्डरिंग येतं बघा!" मी त्याचं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

पण तुझ्या आईंचं राहिलं. त्या पुढे म्हणाल्या, "ही काही शेजारची नालोंगो नाही. नालोंगोचं मीठ मला ठाऊक आहे. जुळ्यांना जन्म दिला त्या दिवसापासून तिचा मिठाचा हात सुटलाय. शिवाय तिला आता सत्तरी लागली. ही तरुण आहे."

"कशावरून?"

"केळं दाबलंय त्यावरून. एक गाठ नाही, एक तंतू नाही. मनगटात जोर आहे बाईच्या. जावईबापू, कोण आहे ती?"

मला खोटं बोलता येत नाही, गप्प बसता येतं.

आतून त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला हे कळायला हवं."

झिवा


मंगळवार, २० फेब्रुवारी

नालुयिमाच्या आईस,

या वेळी तुझी एकच ओळ आली. "तिला माझ्या सुरीला हात लावू देऊ नका."

मी ती दुकानात उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग शटर अर्धं ओढून वाचली.

तुला कुणी कळवलं ते मी शोधून काढलं. नालुयिमानं लिहिलं. दहा वर्षांच्या पोरीच्या अक्षरात तुला ते वाचावं लागलं, की घरात एक बाई आहे, तिचे हात मजबूत आहेत आणि ती आईपेक्षा चांगलं कालवण करते. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं ना खरं काय ते? मग असं का लिहिलंस?"

ती म्हणाली, "ताता, आजी सांगत होती, मी लिहीत होते. प्रत्येक ओळ परत वाचून दाखवायला लावत होती. आणि तुम्हीच म्हणालात ना, आजीला कळता कामा नये?"

मीच म्हणालो होतो. पोरीनं बापाचा शब्द अक्षरशः पाळला. तिला रागावायला मला जागाच ठेवली नाही.

आता ऐक. बाई नाही. कधीच नव्हती. मी करतो.

हे वाक्य लिहायला मला पंधरा मिनिटं लागली, समोरच्या घड्याळात बघून सांगतो. बुसुंजूत माझ्या वयाचा एकही पुरुष स्वयंपाकाच्या झोपडीत वाकून शिरत नाही. मी शिरतो. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. पहिल्या आठवड्यात मी दारूच्या केळीचा घड उतरवला. हो, मी. सोळाव्या वर्षी बाग सोडून नाक्यावर आलो, मला शिजवायची केळ कुठली आणि दारू गाळायची केळ कुठली हे पानावरून ओळखता येईना. कडूजहर झालं होतं. दोन्ही मुलांनी एक शब्द न काढता खाल्लं. सालिनं पाणी पिऊन पिऊन गिळलं. मला वाटलं, छान जमलंय. मग मी तोंडात घातलं. त्यांनी का नाही सांगितलं, असं विचारलं तर नालुयिमा म्हणाली, "नको म्हटलं की तुम्ही उठून जाल, असं वाटलं."

पान पुढे सारून उठून जाणं हे या घरात कोण करत होतं, ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी नाक्यावर भाजलेलं मांस खाऊन घरी यायचो. तू गाठोडं उघडायचीस, वाफ वर यायची आणि मी म्हणायचो, पोट भरलंय. त्या दिवशी तर क्यान्जोसमोर म्हणालो, हा पाला शेळ्यांना घाल. मी ते शब्द विसरलेलो नाही. याआधीच्या दोन पत्रांत लिहिले नाहीत, एवढंच. नवऱ्यानं घरचं अन्न तोंडात न घेणं म्हणजे बायकोनं त्यात काही कालवलं असा संशय घेणं असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. मला भूक नसायची, दुसरं काही नाही. पण तुला ते कसं कळावं?

तीन तास लागतात त्या एका गाठोड्याला. मी मोजले आहेत. दोन वर्षांचे किती झाले हे मी अजून काढलेलं नाही आणि काढणारही नाही.

तुझी सुरी मी वापरतो. दुसऱ्या कुठल्या सुरीनं सालाखालचा हिरवा पापुद्रा निघत नाही. मी तिला दुकानातल्या दगडावर धार लावली आहे. सोलण्याआधी बोटांना तेल लावायचं हे मला उशिरा कळलं. आधी शिवणयंत्राचं तेल लावून बघितलं. ते सगळं अन्न फेकावं लागलं.

एक मागणं आहे. तुझ्या आईंना सांगू नकोस. त्या माझ्या हातचं खातायत हे त्यांना कळलं तर काय होईल ते तू जाणतेस. नऊ तारखेला मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगेन, हसू देत हसायचं त्यांना. पण त्यांची पट्टी निघून त्या सुखरूप घरी जाऊ देत, मग.

झिवा


बुधवार, २८ फेब्रुवारी

नालुयिमाच्या आईस,

तुझं उत्तर शनिवारी मिळालं. "पुरुषाच्या हाती पेन आलं की तो काहीही लिहितो. पानं कशी शेकायची, कालवण कसं ढवळायचं, हे त्या बाईनंच तुम्हाला सांगितलं नसेल कशावरून? आईला सांगा. तिच्या तोंडून ऐकलं तर मानेन. नाहीतर नऊ तारखेला मी काय बोलणार ते माझं ठरलं आहे."

तीन दिवस मी विचार केला. मी बाजू मांडत होतो, स्वतःशीच. त्यांना मी दिसलेलो नाही, त्यांच्या डोळ्यावर पट्टी आहे. मी त्यांना शिवलेलो नाही. केळं दाबतानाही मध्ये पान असतं. रिवाजात बसवायचं तर बसतं. पण नऊ तारखेला त्या मसाकाला येणार, सगळ्यांसमोर सांगणार की माझ्या जावयाच्या घरात बाई आहे, आणि सांगताना त्यांना ते खरंच वाटत असणार. म्हाताऱ्या माणसाला माझ्यामुळे खोटी साक्ष द्यायला लावायची?

आज दुपारी गेलो.

"आई, एक सांगायचंय."

"ती जाणार आहे की काय?"

"ती नाहीच."

"म्हणजे? हाकललीत?"

"नव्हतीच कधी. मी करतो."

"काय करता?"

"सोलतो. बांधतो. दाबतो. कालवण मीच ढवळतो. पहाटे करून ठेवतो आणि तुम्ही बाहेर यायच्या आत दुकानात जातो."

शेजारच्या आवारात कुणीतरी दाणे कुटत होतं, ते मी ऐकत राहिलो.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सत्तावीस दिवस."

त्यांनीही मोजले होते. मी म्हणालो, "आई, स्पर्श काही झालेला नाही. मध्ये पान असतं."

"पान असतं?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोटात काय पान गेलं?"



मग त्या म्हणाल्या, "जावईबापू, डोळस असते तर मला कळलं असतं. मला आंधळी धरून तुम्ही हे केलंत."

"तुम्ही उपाशी राहू नये म्हणून केलं."

"मग विचारायचं होतं. उपाशी राहायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

त्यांनी नालुयिमाला हाक मारली आणि म्हणाल्या, "बाळा, हा वाडगा घेऊन जा." वाडगा भरलेला होता. आज मी भोपळ्याची कोवळी पानं देठ सोलून केली होती.

मी सांगितलं. आता त्या तुला कळवतील की नाही, ते माझ्या हातात नाही.

झिवा


शनिवार, २ मार्च

नाबुकीरा,

हे पत्र ड्रायव्हरच्या हातात देताना मी त्याला सांगितलं आहे की मसाकाला उतरल्यावर आधी तुझ्याकडे यायचं, मग चहा.

आईंनी बुधवार दुपारपासून घरातलं काही खाल्लेलं नाही. स्वतः सोललेली पिकी केळी आणि पाणी. काल तेही अर्धं. शेजारची नालोंगो तिच्या मुलाकडे कंपालाला गेली आहे. मग मी पाळकांच्या बायकोकडे गेलो. दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, सासूबाईंसाठी दोन वेळचं कराल का? त्या माझ्या हातचं खात नाहीत." तिनं आधी ऐकलं नाही असं दाखवलं, मग नीट ऐकलं. आता सगळ्या नाक्याला माहीत झालं आहे. कासुले दुकानासमोरून गाडी हळू नेतो. नेऊ दे.

तिनं केलेलंही त्यांनी परत पाठवलं. म्हणाल्या, "कुणाचा हात कुणाचा, हे आता मला कळेनासं झालंय. सत्तावीस दिवस मी पुरुषाच्या हाताला बाईचा हात म्हटलं. माझ्या लेकीचा ओळखेन, बाकी कुणाचा नाही."

काल नालुयिमा सांगत आली, आजीच्या हातातला पेला दातांवर वाजतो. मी परिचारिकेला बोलावलं. ती म्हणाली, अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर डोळ्याची जखम भरायची नाही आणि मग तो डोळाही जाईल. अशक्तपणा आहे, हे तिनं दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

त्यानंतर दुकानात येऊन मी एका मनगटी घड्याळाची स्प्रिंग चिमट्यात धरली. थरथरली. मीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल. मी ती खाली ठेवली आणि परत उचलून बघितली नाही.

नाबुकीरा, तू ये. माझ्यासाठी नको. लग्नाचं काय ते नऊ तारखेला ठरवा. बाई आहे असं तुला वाटत असेल तर तसंच समज आणि तरी ये. तुझी आई आहे आणि तिचा डोळा आहे. सोमवारची बस चारला इथे पोचते. मी दुकानात असेन, घराकडे फिरकणार नाही, तुझ्या समोर येणार नाही.

स्वयंपाकाच्या झोपडीत सगळं आहे. घड उद्या उतरवून ठेवेन, सोमवारी नेमका होईल. लाकडं सुकी आहेत, उजवीकडची आधी वापर. पानं कापून सावलीत ठेवली आहेत, शेकलेली नाहीत. दाणे टोपलीत आहेत, निवडलेले नाहीत. माठ बागेत उभा आहे, खुडलेला नाही. सगळी भांडी राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन उपडी घातली आहेत, आणि घासली ती नालुयिमानं, मी नाही. सुरी पाळकांच्या बायकोनं धुऊन ठेवली आहे.

मी काहीही सोललेलं नाही. पहाटे साडेचारच्या आधीच जाग येते, हात आपोआप कामाला लागायला बघतात. मी दुकानात बसून राहतो.

झिवा


बुधवार, ६ मार्च
दुकानातून

नाबुकीरा,

तुझी चिठ्ठी आत्ता मिळाली. एका मैलावरून आलेलं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतंय.

तू लिहितेस, आईंनी सोमवारी संध्याकाळी थोडं खाल्लं, काल दोनदा मागून घेतलं आणि आज सकाळी पट्टी बदलताना परिचारिका खूश होती. हे वाचून मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि परत उचलून वाचली. गिऱ्हाईक होतं, ते थांबलं.

आई हातांविषयी विचारतात म्हणतेस. "माझे आता ठीक आहेत, त्यांचे कसे आहेत विचार," असं त्या म्हणाल्या, हे तू त्यांच्याच शब्दांत लिहिलंस, बरं केलंस. त्यांना सांग, स्थिर आहेत. सकाळी ती स्प्रिंग बसवली, एका दमात. आणि सांग की त्या म्हणाल्या ते बरोबर होतं, मी विचारायला हवं होतं. हे मी स्वतः खिडकीखाली येऊन सांगेन, पण तोवर तू सांग.

क्यान्जोचा माणूस काल येऊन गेला. शनिवारची बैठक होणार की नाही, ते नाबुकीरा सांगेल, म्हणाला. मी म्हटलं, मग तिलाच विचारा. मी त्यात काही बोललो नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

आता तुझा प्रश्न. तू लिहितेस, काल जेवताना आई म्हणाल्या, "चांगलं झालंय गं, पण जरा गाठाळ आहे. त्यांचं एवढं गाठाळ नसायचं." तू वाढत होतीस आणि तुझ्या हातातला डाव तसाच राहिला. मग रात्रभर तुला राग आला की हसू, ते तुलाच ठरवता आलं नाही. आणि शेवटी तू विचारतेस, "दाबताना गाठोडं किती वेळा उलटता?"

म्हणजे बाई नव्हती, हे तू मानलंस. मी चिठ्ठी तीनदा वाचली. तसंच लिहिलं आहे.

याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, आकड्यासकट. महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर न विचारता आणखी चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण तुझ्या दाबण्यात काय कमी आहे ते मला सांगता येणार नाही. दोन वर्षं मी ते तोंडात घातलेलं नाही, आणि त्याआधी खाल्लं ते लक्ष न देता. न चाखलेल्या अन्नाविषयी मी एकदा बोललो आहे, तेवढं पुरे.

वाढशील तर आज जेवेन, मग सांगेन. अंगणात बसतो, भिंतीकडे पाठ करून. आईंना तोंड दिसणार नाही.

किती वाजता येऊ?

झिवा